साच्यात श्रीमतीला जागा न्हाई

६ फेब्रुवारी २००४

कागद दाराला चिकटवायची काय रीत हाय का? माझी धाकटी जाऊ. तिची नात शीतल मंठ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जाती. तिथून वाढदिवसाचं कार्ड छापून आणलं, त्यावर लाल गुलाब. लावलं दाराच्या चौकटीला. तिच्या घरच्या गिरणीवर दळणाला आलेली बाई थांबती, बघती, "कुणी काढलं?" म्हणती. मंग ही सुरू. ताकाला गेले तर मला बी दाखवलं. मी म्हणलं, काल बघितलं. न्हवतं बघितलं.

इथून पुढं तिला धा. लिहीन. तिचं पुरं नाव लिहायला माझी शाई कशाला.

९ फेब्रु.

बबनला म्हणलं, मीनाला घाल त्या क्लासला.
"माय, तिला शिवण येतंय की."
"शीतलला बी येतंय."
"मंग?"
"मंग काय मंग. तुझी लेक काय कमी हाय?"
उठून बाहेर गेला. मी जेवले न्हाई. दुपारी भूक लागली, सून रानात गेल्यावर भाकर खाल्ली. संध्याकाळी परत न्हाई जेवले. त्याला एवढंच दिसलं. घालतो म्हणला.

१६ फेब्रु.

मीना जाऊन राह्यली. एकाच जीपमधी दोघी. शीतल खिडकीशी.

२० फेब्रु.

मीनाला विचारलं, गुलाब काढायला शिकलीस का.
"आजी, काढायचं काही नसतंय. टेंप्लेट असतंय. गुलाब, मोर, चौकट, सगळं तयार. आपण नाव बदलायचं."
"म्हणजे साचा."
"हां, साचाच."
"मंग शिकायचं काय?"
"कोणता घ्यायचा ते. अन् अक्षर बसवायचं ते."

मला लई बरं वाटलं. तडक धा.कडं गेले. म्हणलं, तो गुलाब तयारच होता म्हणं.
धा. गहू निवडून राह्यली होती. मान वर न करता म्हणली, "साडी बी दुकानात तयारच मिळती बाई. नेसल्यावर माझीच म्हणतेत ना."
परत आले.  

२ मार्च

संदीपचं जमलं. मोठा नातू, मीनाचा भाऊ. लग्न वैशाखात. पोरगी परतूरकडची, नाकीडोळी बरी.

क्लासच्या सरांनी म्हणं पोरींना सांगितलं, परीक्षेला खरी लग्नपत्रिका करा. दोघींनी संदीपचीच घेतली. मी बबनला म्हणलं, सख्ख्या बहिणीची छापायची, यात बघायचं काय.
"भावकीत वाकडं नको माय. दोघींच्या आणू, चांगली असंल ती छापू."
चांगली म्हणजे मीनाची. पण तो म्हणला न्हाई तसं.

११ मार्च

मंठ्यात लाईट गेली. मीनाचं केलेलं सगळं पुसलं. रडत आली. शीतलचं राह्यलं. तिनं मधी मधी जपून ठेवलं होतं म्हणं.
मीनाला म्हणलं, रडू नको, तिच्या आधी जाऊन बस उद्या.

१९ मार्च

आज पत्रिका आल्या. बबननं दोन्ही पाटावर ठेवल्या. धा., तिचा नवरा (माझा दीर), सून, दोघी पोरी, समदे. मी चष्मा पुसला.

दोन्ही सारख्या. तोच मोर, तीच लाल चौकट, तोच वर गणपती. एकाच साच्यातल्या. कोणती कुणाची, कुणी सांगंना. मी डावीकडची उचलली. सुबक वाटली. म्हणलं, "याला म्हणायची पत्रिका. घरच्या पोरीचा हात लपत न्हाई."
मीना हळूच म्हणली, "आजी, ती शीतलची हाय."
धा.नं पदर तोंडाला लावला. दीर खोकला. सुनेला एकदम चहा आठवला.

मंग मी दोन्ही वाचल्या. अक्षर अक्षर लावून वाचते, वेळ लागतो. बसले होते समदे.

ह्यांचं नाव दोन्हीत. कै. म्हणून, 'यांचे नातू'. खाली आशीर्वादाच्या चौकोनात 'सौ. व श्री.' म्हणून धा. आणि दीर. ते बी दोन्हीत.
मीनाच्या पत्रिकेत मी न्हाई.
शीतलच्या पत्रिकेत त्या चौकोनाच्या वर एक ओळ. 'श्रीमती गयाबाई'. त्या ओळीनं मोराची शेपटी मुहूर्ताच्या वेळेवर गेली. जरा वाकडं दिसतंय.

मीनाला विचारलं, मी कुठं?
"आजी, साच्यात जोडीचीच जागा हाय. कैलासवाशी हाय, सौ. व श्री. हाय. श्रीमती न्हाई. सर म्हणले साचा मोडायचा न्हाई, मार्क जातेत."
शीतलचे गेले. मीनाला जास्त.

मेलेल्याला जागा हाय. बसलेलीला न्हाई.

२० मार्च

झोप न्हाई. नाव न्हाई याचं येवढं न्हाई. टाकलं ते धा.च्या नातीनं. आता ती दळणावाल्या बायकांना सांगंल, थोरलीला माझ्या शीतलनं पत्रिकेत बसवलं.
अन् तिचं नाव? न मागता दोन्हीत. नवरा हाय म्हणून. चाळीस वर्षं तिच्या कुंकवाकडं बघते मी. ती त्याच्यावर दिवसभर खेकसती, तरी सौ.

सकाळी शीतलला हौदापाशी गाठलं. "आजीनं सांगितलं का ग, माझं नाव टाक म्हणून?"
"न्हाई मोठी आजी. तिला कालच कळलं. ती तर बोलली मला, मार्क कशाला घालवले म्हणून."
"मंग का टाकलं?"
"तुम्ही हायत ना घरात."
अन् घागर उचलून गेली.
धा.चा डाव असता तर बरं झालं असतं. तिला दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

२१ मार्च

मीना म्हणली, "आजी, परीक्षा झाली आता. मी टाकते तुमचं नाव."
म्हणलं, नको. मागून घेतलेलं नको.
तोंड फुगवून बसली. दोन वेळा तिच्या आवडीचं पिठलं केलं. खाल्लं, बोलली न्हाई. आमच्याच घरची हाय, दुसरं काय.

२३ मार्च

उद्या बबन छापायला जातोय. "माय, कोणची देऊ? तू म्हणशील ती."

शीतलची म्हणलं तर माझं नाव राह्यतंय, मीना पडती, अन् धा. जन्मभर सांगती. मीनाची म्हणलं तर माझ्याच नातवाच्या लग्नात मी कुठंच न्हाई, व्याही विचारतील म्हातारी हाय का गेली. दोन्हीकडून धा. वरच.

संध्याकाळी ती स्वतः आली. उंबऱ्यातूनच म्हणली, "बाई, तुम्ही म्हणाल ती. आमचं काही म्हणणं न्हाई."
काय म्हणणं असणार.

बबनला सांगितलं ते इथं लिहून ठेवते, उद्या तो बदलायला नको. सकाळी दोन्ही कागद घेऊन धा.कडं जायचं. बायका दळण न्यायला येतात तेव्हा. शीतलची का मीनाची, असं विचारायचं न्हाई. विचारायचं, "काकू, मायचं नाव असलेली छापू का नसलेली?" मधी दिरानं बोलायचं न्हाई, शीतलनं न्हाई, तू बी न्हाई. माझं नाव मागायचं ते तिनं, मी न्हाई. उत्तर तिनं द्यायचं. तिच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.