रोलरवरच्या खाचा

नांदुरा, १२ डिसेंबर १९६३
खाचा पाडायचं यंत्र सकाळीच मोडलं! कापसातून सरकी काढणाऱ्या जिनच्या चामडी रोलरवर करवतीनं पाडलेल्या तिरप्या खाचा नसल्या तर रुई सरकीपासून सुटत नाही. शेटजी म्हणाले, "इंद्रभान, तू पूर्वी हातानं पाडायचास ना?" मी छाती काढून म्हणालो, "उद्या करून देतो!" सात वर्षं मुकादमी करतोय — करवत हातात धरलेली नाही.

१३ डिसेंबर
रोलर नासला. डोक्यात सगळं आहे, हातात काही नाही. तिसरीच खाच वाकडी गेली, मग पुढच्या सगळ्या तिच्यामागं. दयाराम फिटर म्हणाला, "मुकादम, हे काय करून राह्यले?" मी त्याच्यावरच ओरडलो — करवतीला धार नाही म्हणून! धार होती.

१४ डिसेंबर
दुसराही बिघडला. जिन बंद, बाया घरी पाठवल्या. उरला एकच रोलर.
विचारू कुणाला? मला शिकवणारे उकंडराव वारले. आणि मी कुणाला शिकवलंच नाही. गड्यांच्या बाजूला पोतं टांगून काम करायचो — कुणी पाहून शिकलं तर मला कोण विचारणार! बायांच्या बाजूला पोतं कधी लावलं नाही. त्या काय शिकणार, असं वाटायचं. लिहितानाही लाज वाटते.

१५ डिसेंबर, रविवार
जनकाबाई आली. जिनमध्ये कापूस टाकते, माझ्या जुन्या जागेच्या शेजारीच.
"मुकादम, तुमी करवत लय आवळून धरता. पहिले अशी नोहते धरत."
"तुला काय कळतं?"
"द्या इकडं."
दिली. काय करणार! रोलर पायांत दाबून ती बसली. एकेक खाच सारख्या अंतरावर. मधेच अंगठा फिरवून बघायची — अगदी मी बघायचो तशी. कधी शिकलीस, विचारलं. "तुमाले पाहून. घरी बाभयीच्या लाकडावर करून पाह्यलं."
मी रुईच्या गठाणीवर बसून बघत राहिलो. माझंच काम, आणि मलाच नवं वाटत होतं.

१६ डिसेंबर
जिन सुरू. रुई झकास सुटते. शेटजींनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, "शाबास! हात विसरला नाही तुझा." जनकाबाई समोर कापूस टाकत होती. मी मान हलवली — हो म्हणून! थू माझ्यावर.

१७ डिसेंबर
शेटजींना खरं सांगितलं — जनकाबाईनं केलं. ते पोट धरून हसले, "बाईनं? इंद्रभान, थट्टा पुरे!" ती दारातच उभी होती. मी पुन्हा सांगितलं नाही.