दौलतरावांचं घर

८ जानेवारी १९५६, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प. आठवडाभर उशिरा, पण पक्का. कारकुनी करत मरायचं नाही. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना आला, आणखी येतील. माणसं येणार, त्यांना खोल्या लागणार. आणि इकडे चिंचवडात म्हातारी माणसं मोडक्या घरांत बसून आहेत. डागडुजीची ऐपत नाही, मुलं जवळ नाहीत. असं घर आपण घ्यायचं, म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत राहू द्यायचं, मग खोल्या काढून भाड्याने द्यायच्या. त्यांना आधार, आपल्याला इन्व्हेस्टमेंट. हिला स्कीम समजावली. ही म्हणाली, म्हणजे ती कधी मरतात याची वाट बघायची?
बायकांना धंद्याची भाषा कळत नाही.

२२ जानेवारी, रविवार
पहिलं घर सापडलं. नदीकडच्या आळीत, दौलतरावांचं. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. बायको सुभद्राबाई. एक मुलगा होता, तो पटकीच्या साथीत गेला. घराच्या मागच्या भिंतीला पोट आलंय आणि दोघं नेमकी तिच्याच कडेला झोपतात. दौलतराव म्हणाले, रावसाहेब, दोन पैसं कमी द्या, पर पावसाच्या आदी ही भिंत उतरवून नवी घाला, आन् आमाला हितंच मरू द्या. मी तत्काळ हो म्हणालो. मला रावसाहेब म्हणणारा हा पहिलाच माणूस. भाव मात्र भिंतीकडे बोट दाखवूनच पाडला. व्यवहार तो व्यवहार.

१९ फेब्रुवारी
खरेदीखत झालं. हिच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. हिने काढून दिल्या, बोलली काही नाही. याला मी संमती धरतो.
सुभद्राबाईंनी हातावर गूळ ठेवला. म्हणाल्या, पोरगा आसता तर त्यानं भिंत बगितली आसती, आता तुमी बगा. डोळे भरून आले. माझे. माणसाने प्रॉपर्टी घ्यावी ती अशी, आशीर्वादासकट.

१५ एप्रिल
बबनराव गवंडी भिंत बघून गेले. म्हणाले, लगेच उतरवा, हिचं काय खरं न्हाई. गवंडी दुसरं काय म्हणणार? मी शांतपणे विचार केला. पुढे सगळंच घर पाडायचं आहे. मग आज या भिंतीत पैसा घालणं म्हणजे प्रेताला सदरा शिवणं. दौलतरावांना म्हणालो, पुढच्या महिन्यात नक्की.

३ जून, सायंकाळ
दौलतराव आमच्या खोलीवर आले. गुडघे धरत जिना चढले. ही धावली, पाणी दिलं. म्हणाले, आभाळ भराया लागलं. मी म्हणालो, सिमेंट मिळत नाही, परमिट लागतं. (खरंच लागतं.) म्हणाले, मातीची भिंत हाय, शिमिट कशाला? मी म्हणालो, दौलतराव, करायचं तर कायमचं करू. त्यांनी मान हलवली. उतरताना हिने त्यांना हात दिला.
रात्री ही जेवली नाही. पित्त असावं.

१५ जुलै
पाऊस लागल्यापासून दौलतरावांना खोकला होता, तो गेला. चांगले दणकट दिसले. आनंद झाला. खरंच झाला. स्कीममध्ये मात्र काही वर्षं वाढवावी लागतील.
कारखान्यातल्या एका फिटरला पुढची खोली दाखवली. तो म्हणाला, आम्हाला क्वार्टर्स मिळणार आहेत, आत नळ. मी म्हणालो, वायद्यावर विसंबू नका. तो मागे जाऊन भिंत बघून आला आणि सायकलवर बसला.

१४ ऑगस्ट, मंगळवार
भिंत पडली. दौलतराव गेले.
सकाळी पाऊस उघडला होता. सुभद्राबाई पाण्याला गेल्या होत्या. दौलतराव एकटेच भिंतीला लाकडाचा टेकू लावत होते. मी ऑफिसात होतो. टेकू लावा असं मी सांगितलं नव्हतं.
दुपारी पंचनामा. सगळी आळी गोळा झालेली. फौजदारांनी विचारलं, घर कोणाचं? मी म्हणालो, दौलतरावांचं. तोंडातून गेलं. सुभद्राबाई दगडांपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, व्हय साहेब, आमचंच हाय.
फौजदारांनी तसं लिहून घेतलं. आळीतलं कोणी काही बोललं नाही. थोडक्यात सुटलो. पोझिशन क्लिअर झाली.

२ सप्टेंबर
ही त्या दिवसापासून तिकडेच आहे. म्हातारीला एकटं कसं टाकायचं म्हणाली. मला वाटलं, दहाव्यानंतर येईल. खाणावळीत जेवतो. आमटी पातळ.
पुण्याला वकिलांकडे गेलो. एका मित्राची केस म्हणून विचारलं. म्हणाले, खत पक्कं आहे, घर मित्राचंच. फक्त ते दाखवायला गेला की विचारतील, पंचांसमोर खोटं का बोललास? आणि भिंत बांधायचं कबूल करून बांधली का नाहीस?
मित्र घाई करणार नाही. शहाणा माणूस थांबतो.

२८ ऑक्टोबर, रविवार
दिवाळी तोंडावर आली. आज आळीतली माणसं सुभद्राबाईंची भिंत घालतायत असं कळलं. गेलो. बबनराव ओळंबा धरून उभे. बाकीचे दगड देत होते. ही पदर खोचून चिखल तुडवत होती, गुडघ्यापर्यंत माखलेली. मला कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. दुपारपर्यंत भिंत छातीएवढी आली.
हिला बाजूला बोलावलं. विचारलं, घरी कधी येणार? म्हणाली, कोणत्या?
मग मी बाह्या सारल्या आणि एक दगड उचलला. जड होता. चार पावलं गेलो तर सुभद्राबाईंनी हात आडवा धरला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. लोकाच्या घरासाठी तुमी कशाला कापडं मळवता?
सगळे थांबून बघत होते. ही पण.
दगड जिथून उचलला होता तिथे नेऊन ठेवला.