करंगळीएवढी फट

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. आमच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मंडळीत घरात फोन ठेवत नाहीत, म्हणून शेतरस्त्याच्या टोकाला चार घरांत मिळून फोनचे एक खोपटे आहे. मी त्यात उभा आहे. उभा, कारण इथे खुर्ची नाही. माझा थोरला भाऊ रोमन याच्याशी बोलून मी आत्ताच फोन खाली ठेवला आणि त्याच फळीवर कागद पसरून हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

मी, एनोस लेवाय कीम, वय सत्तावीस, अविवाहित, धंदा सुतारकाम, राहणार होम्स काउंटी, ओहायो, लिहून ठेवतो की थंडीने माझी बोटे आखडली आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. रोमनने एक अट घातली आहे, पण अट मला मान्य आहे, म्हणून ते दडपण धरू नये. आमच्यात सर्वांची होते तशी माझी शाळा आठवीपर्यंत झाली. शब्दकोश शेजारी ठेवून लिहितो आहे. तरी लिहिण्यात चूक राहिली तर ती माझी समजावी, तिच्यावरून कोणाचा वाटा कमी-जास्त करू नये.

कारण असे. येत्या मंगळवारी, १९ तारखेला, क्लीव्हलँडच्या इस्पितळात माझे डावे मूत्रपिंड काढून रोमनला बसवायचे आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की देणाऱ्याच्या जिवाला धोका दहा हजारांत तिघांना असतो. मी विचारले, "ते तिघे काळजी घेणारे होते का?" त्या म्हणाल्या, "एनोस, तुम्ही घरी जा आणि झोपा." झोप आली नाही. मी त्या तिघांतला एक आहे असे धरून चालतो.

कलम १. मूत्रपिंड या मृत्युपत्रात मोजू नये. ते मी जिवंतपणी देत आहे.

हे कलम इथे संपायला हवे होते, पण रोमन आमच्यात का नाही हे न सांगता पुढचे कळणार नाही. त्याने एकोणिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन मंडळीचे नियम पाळायचा शब्द दिला होता. पंचविसाव्या वर्षी घोड्यांच्या ओट धान्याच्या पेटीत, दाण्यांच्या खाली, त्याचा मोबाइल मला सापडला. मी तो जागच्या जागी ठेवला आणि तडक मंडळीची शिस्त सांभाळणारे डीकन अ‍ॅटली रेबर यांच्याकडे जाऊन सांगितले. मंडळीने रोमनला फोन सोडायला सांगितले. तो म्हणाला, फोन नाही, तुम्हालाच सोडतो. त्याला वाळीत टाकले, त्याला सहा वर्षे झाली. त्याच्या हातून आम्ही काही घ्यायचे नाही, त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचे नाही.

म्हणून सप्टेंबरात मी मूत्रपिंडाचे बोललो तेव्हा तो फोनवर म्हणाला, "माझ्या हातचा कॉफीचा कप तुला चालत नाही. आणि तुझं मूत्रपिंड मी पोटात घालून घेऊ?"

मी म्हणालो, "नियम घेण्याला आहे. देण्याला नाही."

"सहा वर्षं नियम घोकून एवढंच सापडलं का रे?"

"दोन दिवस लागले."

तेव्हा तो हसला. मग म्हणाला, "असलं काही फोनवर बोलतात का? बोलायचं तर ये."

भाड्याने गाडी चालवणारे डग पेटिट यांच्या गाडीने मी क्लीव्हलँडला गेलो. रक्त धुणाऱ्या यंत्राला जोडून रोमन खुर्चीत पडलेला होता. चार तास मी शेजारी बसलो. त्याच्या मांडीवरचा फोन सारखा उजळत होता. मी विचारले, कोण. "लोक. जोडलेल्या हातांची चित्रं पाठवतात. आजची एकशे बारा."

"आणि भेटायला आले किती?"

"तुला धरून एक."

यावर बोलायचा हक्क मला का नव्हता ते कलम ५ मध्ये आहे.

कलम २. कारखाना, लाकूडसाठा आणि सर्व अवजारे आईला, म्हणजे श्रीमती सलोमा कीम यांना. तिने ती विकावीत. वडील लेवाय कीम यांचा मोठा रंधा मात्र विकू नये. तो रोमनला. त्याच्या हातात द्यावा. देता येतो.

कलम ३. बँकेतले ६,२१० डॉलर. अर्धे आईला, अर्धे मंडळीच्या औषधोपचार निधीला, कारण इस्पितळाचे माझ्या वाट्याचे पैसे तिथूनच जाणार आहेत.

कलम ४. माझी घोडी बर्डी शेजारी मोझेस निस्ली यांना. ते दोन वर्षे चारचौघांत म्हणत आले आहेत की एनोसची घोडी एनोससारखीच आहे, चारदा इकडेतिकडे पाहिल्याशिवाय रस्ता ओलांडत नाही. त्याच दोन वर्षांत त्यांची बग्गी दोनदा नाल्यात गेली. घोडी त्यांच्या उपयोगी पडेल.

कलम ५. खोपट्याची वही.

पाच वर्षे खोपट्याची किल्ली आणि फोन-निरोपांच्या नोंदीची वही माझ्याकडे आहे. भिंतीवरचे नियमही माझ्याच अक्षरात आहेत. दहा मिनिटांवर बोलू नये. रिकाम्या गप्पा मारू नयेत. खुर्ची ठेवू नये. फोनला जोडलेल्या यंत्रात साठलेले निरोप मी चिठ्ठीवर उतरवून घरोघर पोचवतो आणि शनिवारी संध्याकाळी यंत्र पुसतो, म्हणजे रविवारची प्रार्थना कोऱ्या मनाने होते.

गेल्या हिवाळ्यापासून रोमन आईसाठी बोलून ठेवू लागला. त्यात मालाची मागणी नसे, मयत नसे, आजारपण नसे. मी ठरवले की हा निरोप नव्हे. आई दर शनिवारी विचारायची, "माझं काही?" मी सांगायचो, "काही नाही." असे अकरा वेळा झाले. बारावा निरोप २४ ऑगस्टचा. त्यात त्याने मूत्रपिंडे गेल्याचे सांगितले होते. तो मी धावत पोचवला.

मी ते अकरा पुसले. पण यंत्रावरचा आकडा आणि वहीतला आकडा जुळला पाहिजे, म्हणून पुसण्याआधी प्रत्येकाचा शब्द न शब्द वहीत उतरवला होता.

काल दुपारी मी आईला सगळे सांगितले. ती नूडल कापत होती.

"अकरा? मोजलेस?"

"वहीत आहेत."

"मग वाच की. उभा काय राहिलास?"

मी वाचू लागलो. ९ फेब्रुवारीचा असा होता: "आई, आज तुझ्यासारखे नूडल केले. सगळे चिकटले. पीठ किती वेळ झाकून ठेवतेस ते कळव. बाकी बरं आहे."

आईची सुरी थांबली. "अर्धा तास," ती म्हणाली. "ओल्या फडक्याखाली. कळव त्याला. नऊ महिने पोरानं चिकटच खाल्लं असेल."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुला वाईटपणा कुठला जमतोय, एनोस. तुझा व्यवस्थितपणाच पुरला." मग पुढचे वाचायला लावले. अकराही झाल्यावर म्हणाली, "आता पहिल्यापासून."

सबब ती वही आईच्या मालकीची. खोपट्यासाठी नवी घ्यावी. कारखान्यात खिडकीशी बुटकी खुर्ची आहे, ती खोपट्यात ठेवावी. दहा मिनिटांचा नियम लाकूड मागवणाऱ्यांना राहील, आईला नाही.

फोन मात्र कोणी घरात आणू नये. माझे मत बदललेले नाही. घरापासून खोपट्यापर्यंत दोनशे दहा पावले आहेत. तेवढ्यात काय बोलायचे आणि काय गिळायचे हे माणसाला ठरवता येते, प्रार्थनाही होते. वाट बरोबर होती. किल्ली धरणारा चुकला.

कलम ६. हे रोमनच्या अटीचे कलम आहे, आणि याच्यासाठीच बाकीचा कागद आहे.

तपासण्या ऑक्टोबरात झाल्या. रोमनने सही तेवढी अडवून धरली होती. आज सकाळी तो म्हणाला, "तू मेलास तर भावाला खाऊन जगलेला माणूस म्हणून मी फिरायचं. ते फिरेन. पण तुझ्या मयताच्या जेवणाला मी बसू कुठं? पुन्हा मागच्या पडवीत?"

सहा वर्षांत तो दोनदा घरी आला होता. दोन्ही वेळा त्याचे ताट मी पडवीत मांडले होते.

"आधी माझी जागा लिहून दे," तो म्हणाला. "डीकनची सही घे. मग मी करतो."

त्याची जागा अशी. माझ्या कारखान्यात हिकरी लाकडाची दोन टेबले तयार आहेत. उंची तंतोतंत एक, मी तीनदा मापली आहे. ती टोकाला टोक लावून मांडावीत, मध्ये माझ्या करंगळीएवढी फट ठेवावी. दोन्हींवर मिळून एकच पांढरी चादर घालावी. फटीच्या अलीकडे आई, पलीकडे रोमन. आईने त्याला हाताने वाढावे. त्याच्याकडून यायचे ते त्याने चादरीवर ठेवावे, आईने उचलून घ्यावे. नियम पाळला जातो. दुसऱ्या घरांत असे करतात हे मला माहीत होते. नियमाला फट पुरत होती, पडवी मी माझ्या पदरची जोडली.

मी जगलो तरी हे कलम रद्द होत नाही. इस्पितळातून आल्यावर पहिल्या रविवारी हेच जेवण, हीच मांडणी. तेव्हा आईशेजारी मी बसेन.

कलम ७. या कागदाचा फोटो काढून कोणी कोणाला पाठवू नये. ज्याला वाचायचा आहे त्याने यावे. कॉफी मिळेल.

साक्षीदारांविषयी. साडेआठला मी कागद घेऊन डीकन अ‍ॅटली यांच्या गोठ्यात गेलो. त्यांनी चष्मा पुसून सगळे वाचले आणि सहाव्या कलमाशी थांबले.

"करंगळी कोणाची?"

"माझी."

त्यांनी माझा हात उजेडात धरला. "ही तर अर्धी करवतीनं नेलेली."

"लांबी नेली. जाडी तेवढीच आहे."

ते बराच वेळ हात धरून होते. मग म्हणाले, "त्या दिवशी तू फोनचं सांगायला आलास ना, तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं, आधी भावाशी एकट्याशी बोललास का. शास्त्रात तोच क्रम दिलाय. मी विचारलं नाही."

"मी बोललो नव्हतो," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. आण तो पेन." सही करून त्यांनी विचारले, "मला काही ठेवलं नाहीस ते?"

"साक्षीदाराला ठेवता येत नाही."

"बरं झालं. ती घोडी गळ्यात आली असती."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, दोनदा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: एनोस लेवाय कीम
साक्षीदार १: अ‍ॅटली रेबर, डीकन
साक्षीदार २: डग पेटिट, गाडीचालक, आमच्या मंडळीबाहेरचे
ठिकाण: होम्स काउंटी, ओहायो
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९

हिशेब, मागे कोणाला शोधावे लागू नये म्हणून:
क्लीव्हलँडच्या तीन फेऱ्या, डग यांना ४२० डॉलर. दिले.
दोन टेबलांचे हिकरी लाकूड, १८५ डॉलर. दिले.
पांढरी चादर, नऊ हात, २६ डॉलर. दिले.
मंगळवारच्या फेरीचे १४० डॉलर. देणे. रोख, रंध्याच्या खणात.
खोपट्याच्या डब्यात, आज सकाळच्या क्लीव्हलँडच्या फोनचे: चौदा मिनिटे, मिनिटाला दहा सेंट, एक डॉलर चाळीस सेंट. देणे. दहाचा नियम मी मोडला. दहाव्या मिनिटाला मी रोमनला सांगितले की पीठ अर्धा तास ठेवायचे, ओल्या फडक्याखाली. त्यानंतरची चार मिनिटे तो बोलला नाही, मीही बोललो नाही. तीही लावावीत.