क्लेमेंटीनवहिनींची हरवलेली दुपार

३ मे १९७९

नाताळापासून झोपेची गोळी अख्खी घेतोय. आता डॉक्टर फर्डिनंड म्हणतात, "अर्धीच घ्या, मास्तर." अर्धी! गोळीला मधोमध रेघ आहे, पण ती रेघेवर मोडेल तर शपथ. विळीवर धरली — एक तुकडा चुलीत, दुसरा बायकोच्या, विनीच्या, कालवणात. नंदाखाल गावच्या सभ्य रहिवाशावर एवढा अन्याय होतो आणि धर्मग्रामात चर्चची साधी घंटा वाजत नाही! शेवटी दुसरी अख्खीच गिळली.

९ मे

सकाळी तोंडात कोणी कापूस कोंबल्यासारखं वाटतं. सणाच्या नाटुकल्यासाठी सरपंचावर लिहायला बसलो. गटाराचे पाइप स्वतःच्या वाडीत पुरणारा माणूस — आणि मला रागच येईना! 'बिचारा' असं लिहिलं. मी! संध्याकाळी वाचलं नि किळस आली. उद्यापासून गोळी बंद.

११ मे

बंद केली तर पहिल्याहून वाईट. हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्याला डोळा नाही. "एकदम सोडायची नसते हो!" — फर्डिनंड खेकसले. मग सुरू करताना का नाही सांगितलंत? पुन्हा अख्खी.

१६ मे

प्लासिड गेला. माझा थोरला भाऊ. केळीला पाणी सोडून आला, ओट्यावर टेकला आणि गेला.

विनीने माझ्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. घेतल्या.

१७ मे

दफन झालं. पुष्कळ लोक होते. उकाडा.

२१ मे

प्लासिडच्या घरी सगळे बसलो होतो. क्लेमेंटीनवहिनी एकदम म्हणाल्या, "मला का नाही नेलंत?"

"कुठे गं?" — आमची बहीण रोझमेरी.

"त्यांच्या दफनाला."

"अगं, होतीस की तू! फादरांना म्हणालीससुद्धा, चहा घेऊन जा."

"खोटं! खोलीत निजवून ठेवलंत मला. नवऱ्याच्या मातीलाही जाऊ दिलं नाहीत!"

मी म्हणालो, "वहिनी, मी पाहिलंय. तुम्ही मूठभर माती टाकलीत."

 "भावजी, तुम्ही तरी नका."

२२ मे

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पेज आणतात, चहा आणतात. हल्ली गोळ्याही आणतात. दफनाच्या दिवशी रोझमेरीने वहिनींना सकाळी एक दिली — "रडून आजारी पडेल." विनीने मिस्सेच्या प्रार्थनेआधी एक, माझ्या डबीतली. वहिनींच्या बहिणीने, इनेझने, आणखी एक. कोणी कोणाला विचारलं नाही. बाई गप्प राहावी, एवढंच सगळ्यांना हवं होतं. वर कौतुक — "किती धीराची!" थू! धीर कसला? गुंगी ती!

फर्डिनंडना गाठलं. म्हणाले, "खोटं नाही बोलत ती. ही गोळी भीती दाबते, कारण ती मेंदूच मंद करते. जास्त झाली की माणूस चालतो, बोलतो, आल्यागेल्याला चहा विचारतो — आत मात्र काही उमटत नाही."

"पुढेमागे आठवेल?"

"उमटलंच नाही, ते आठवणार कुठून?"

म्हणजे नवऱ्याला निरोप द्यायची वहिनींची एकुलती एक दुपार आपण सगळ्यांनी मिळून खाल्ली. पेजेबरोबर.

२४ मे

वहिनींना दफनभूमीत घेऊन गेलो. दोघंच. माती अजून सैल होती. त्यांनी मूठ भरली. "भावजी, ही पहिलीच ना?"

वाद घालण्यात माझा जन्म गेला. म्हणालो, "हो वहिनी, पहिलीच."

टाकली, आणि त्यांनी हंबरडा फोडला. गप्प केलं नाही.

मग त्या दिवशीची माझी मूठ आठवू लागलो. काहीच नाही — दोन गोळ्या मीही गिळल्याच होत्या. ना माझी, ना त्यांची. कुठल्या तोंडाने म्हणालो होतो, 'मी पाहिलंय'?

खाली वाकलो. थोरल्याचं मूठभर देणं होतं. देऊन टाकलं.