समोरच्या दारातला साक्षीदार

मी, धनंजय शांताराम मेस्त्री, व्यवसाय सुतारकाम, राहणार कुरुम, मस्कत, मूळ गाव कुडाळ, गुडघे सोडून सर्व बाबतींत ठणठणीत आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही.

१. गावचे घर व बँकेतली शिल्लक मुलगी विशाखा हिला. ती म्हणते, "बाबा, पुण्याला या." पुण्यात मला कोण ओळखते? इथे निदान समोर मजीद आहे.

२. मजीद मुकादम, टेलर, दापोलीचा, माझा एकमेव मित्र. आमच्या दोघांमधला रस्ता रुंद झाला तेव्हा झेब्रा क्रॉसिंग गेले आणि जिन्याचा पूल आला. माझे गुडघे, त्याचे हृदय. पूल दोघांनाही बंद. नुसत्या चहासाठी टॅक्सीने लांबचा वळसा घालणे परवडत नाही, म्हणून ईदला आणि गणपतीला तेवढे भेटतो. एरवी संध्याकाळी आपापल्या दारात बसून चहाचा ग्लास उंचावतो. हात करायची सोय नाही. हात केला की टॅक्सीवाले गिऱ्हाईक समजून थांबतात आणि चिडून जातात.

मजीदला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही घेता येत नाही म्हणे, आणि साक्षीदार मला तोच हवा.

३. हत्यारे मी काम करतो त्या दुकानात राहावीत. रंधा कोणाला उसना देऊ नये.

४. माझी काठी पुलाचा आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरला शोधून द्यावी. तोही म्हातारा होईलच.

५. विशाखा आणि मजीदची मुलगी हिबा यांनी पालिकेकडे केलेल्या माझ्या अर्जाचा पाठपुरावा सोडू नये. बटण दाबल्यावर गाड्या थांबवणारा सिग्नल आणि फुटपाथला उतार, एवढेच मागितले आहे. "पूल उपलब्ध आहे," असे उत्तर आले. तो मला रोज दिसतो.

६. मी गेल्यावर दारातली खुर्ची त्याच दिवशी उचलावी. नाहीतर मजीद सवयीने ग्लास उंचावेल, आणि समोर कोणी नसेल. ते कसे वाटते ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी तो महिनाभर हॉस्पिटलात होता.

कुरुम, १२ नोव्हेंबर २०२४

सही: धनंजय शां. मेस्त्री
पुन्हा सही: धनंजय शां. मेस्त्री

साक्षीदार १: इम्रान शेख, दुकानातील सहकारी. सही समक्ष झाली.

साक्षीदार २: मजीद मुकादम. रस्त्यापलीकडून पाहिले. धनंजयने मला दाखवायला कागद वर धरला आणि मध्ये टॅक्सी येऊन थांबली. सही करताना तो दिसला नाही, म्हणून फोन करून सही पुन्हा करायला लावली. कागद हिबाने पूल ओलांडून आणला. सहावे कलम मला मान्य नाही. खुर्ची तिथेच राहू दे.