माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही

८ जुलै
मेरेआना आली. सहा वर्षांनी. ऑकलंडच्या विमानातून उतरली, गळ्यात पडली आणि म्हणाली, "पापा, यंदाच्या बेटावरच्या सोहळ्यात आपण दोघांनी नाचायचं. बाप-लेक. तेवढ्यासाठी रजा काढलीये." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वागताच्या हारातल्या फुलांचे पराग.
साऱ्या रारोटोंगा बेटावर पुरुषांचा नाच कळणारा माणूस आता मी एकटा. गुडघे वाकवायचे, टाचा उचलायच्या आणि ढोलावर दोन्ही गुडघे कात्रीसारखे उघडायचे-मिटायचे. त्याला मांड्या लागतात आणि अक्कल लागते. हल्लीची पोरं लघवी लागल्यासारखी उभी असतात.
उद्यापासून रोज पहाटे सराव.

९ जुलै
सराव नाही. पाहुणे.

११ जुलै, सकाळी
सराव. उजवा गुडघा कडकड वाजतो. यंत्र चालू असलं की आवाज येणारच.
शेजारचा माकिउती कुंपणावरून म्हणाला, "उइरांगी, सरपण फोडतोयस की काय?" याने मागच्या वर्षी गुडघा बदलून घेतला. आत धातू. आता खुर्चीत बसून ढोल बडवतो आणि स्वतःला कलावंत म्हणवतो. देवाने दिलेला गुडघा ज्याला सांभाळता आला नाही, त्याने माझ्या सरपणाची चौकशी करू नये.

१४ जुलै
गुडघा जरा भरलाय. सरावाने स्नायू वाढतो. बायको म्हणते, "स्नायू गुडघ्यावर वाढतो होय? आणि एकाच?" तेरेमोआनाला शरीरशास्त्रातलं काही कळत नाही. खोबरेल चोळून घेतलं. तिच्याकडूनच.

१७ जुलै
मायलेकींनी फसवून दवाखान्यात नेलं. मासळी घ्यायला निघालो होतो.
व्यायाम शिकवणारी बाई ब्रॉना, ख्राइस्टचर्चची. सशासारखी पांढरी. गुडघा दाबला, वळवला. मी ओरडलो नाही. बाहेर कुणी ओरडलं असेल. म्हणाली, "हाडं झिजलीत, आणि दोन हाडांमधली गादी फाटलीय. तिचा तुकडा मध्ये आला तर गुडघा जागच्या जागी अडकेल. बिजागरीत खडा अडकल्यावर दार अडकतं तसा."
मी विचारलं, कधी नाचलीस का? नाही म्हणाली. मग दारांबद्दल बोल, म्हटलं.
कमरेएवढ्या पाण्यात चालायला सांगितलंय. ते काम खेकड्यांचं.

१८ जुलै
सराव दुप्पट. खडा असेल तर हादऱ्याने निघून जाईल.

२२ जुलै
मेरेआनाने विचारलं, "पापा, तू पायऱ्या आडवा का उतरतोस?" समुद्र दिसतो म्हणून, म्हटलं.
समुद्र मागच्या बाजूला आहे. मुलीने वळून मागे समुद्राकडे बघितलं. मग म्हणाली, "तू बसून गायलास तरी चालेल मला. नुसता शेजारी अस."
बसून! माकिउतीच्या रांगेत! हे आईचं शिकवणं. मी जेवलो नाही. नंतर कच्च्या माशाचं वाडगं संपवलं, पण बोललो नाही.

२९ जुलै
रंगीत तालीम. अर्धीच केली. सगळं आधीच दाखवलं तर सोहळ्याला काय दाखवायचं?
माकिउती ढोल थांबवून जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "अरे, मीही असाच लपवत होतो. शेवटी चर्चमध्ये गुडघे टेकले ते चौघांनी उठवलं. पोरीसाठी तरी ऐक." मत्सर, दुसरं काय.

२ ऑगस्ट
सोहळा. मैदान भरलेलं. मेरेआना पांढऱ्या फुलांत उभी होती. तेरेमोआनाची आठवण झाली. तेरेमोआना समोरच बसली होती, तरीही.
सुरुवात उत्तम. लोक ओरडले. मग माकिउतीने वेग वाढवला. मुद्दाम. मी खाली बसलो, गुडघे उघडले आणि उजवा मिटेना. सरळही होईना. अर्धा वाकलेला, तसाच. मी हात हलवत राहिलो. लोकांना वाटलं, नवीन प्रकार आहे. टाळ्या पडल्या. मग मी आडवा झालो तेव्हा टाळ्या थांबल्या.
मेरेआना धावत आली. तिला म्हटलं, नाच, नाच, मी बघतोय. दोघांनी उचलून कडेला ठेवलं. माकिउतीने ढोल थांबवला नव्हता. ताल अगदी हळू धरून ठेवला होता, ती परत मध्ये जाईपर्यंत.
मग ती एकटी नाचली. रडत होती, पण ताल सोडला नाही. कमरेखाली लाट, खांद्यावर पेला ठेवला तरी हलला नसता. हे मी तिला शिकवलेलं नाही. मी नसतानाच शिकली असणार.

३ ऑगस्ट
मैदान उतरतं होतं. सगळ्यांना माहीत आहे.

६ ऑगस्ट
मेरेआना गेली. विमानतळावर मी गाडीतच बसलो, उतरता आलं नाही. तिने खिडकीतून डोकं आत घातलं. म्हणाली, "मला तुझा नाच नको होता रे. तू हवा होतास." रजा संपली तिची. पुढच्या वर्षी मिळेल की नाही, सांगता येत नाही म्हणाली.

९ ऑगस्ट
ब्रॉनाकडे गेलो. स्वतःहून. म्हणजे तेरेमोआनाने गाडी चालवली.
ब्रॉना म्हणाली, पाय जमेल तेवढा सरळ ठेवून पलंगावरून वीतभर उचला. मी मनाची तयारी केली. पाय उचलला गेला नाही. ती म्हणाली, हरकत नाही.
मग विचारलं, "या गुडघ्याने काय करता यायला हवंय तुम्हाला?" मी छाती काढली. वाडवडिलांपासून चालत आलेल्या नाचाबद्दल बोलणार होतो.
तेरेमोआना म्हणाली, "संडासावरून एकट्याने उठता आलं तरी पुष्कळ. महिनाभर मीच ओढून काढतेय."
ब्रॉनाने माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, हो. तेच लिहा.