मागचे स्पीकर गेलेले नव्हते

तात्या,

मागचे स्पीकर गेलेले नव्हते! कळलं का? चांगले ठणठणीत होते. आणि तुम्ही आम्हाला इतकी वर्षं... थांबा, मध्ये बोलू नका. जिवंत होतात तोवर माझं एक वाक्य धड पूर्ण होऊ दिलं नाहीत. आता ऐकून घ्या.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. राग उतरला की बघू. काल आईला तिच्या माहेराहून घेऊन आले आणि आज लगेच लिहायला बसले, कारण हा राग काढायचा कुणावर? तुमच्या भावावर, नानांवर, काढून झाला. गाईंवर काढून झाला, बिचाऱ्या कान पाडून उभ्या होत्या. राहिलात तुम्ही. आणि खरे धनी तर तुम्हीच.

आपली गाडी आठवते ना? आठवत असणारच, माझा वाढदिवस विसरलात पण तिची सर्व्हिसिंग कधी विसरला नाहीत. शोरूममधून ती सात सीटर एसयूव्ही आणली तेव्हा सीटवर जे प्लॅस्टिक होतं, ते तुम्ही किती उन्हाळे काढू दिलं नाहीत! मांड्या चिकटायच्या, उतरताना फरर्कन आवाज यायचा, तरी नाही. "कंपनीनं लावलंय म्हंजे इचार करूनच लावलं असंल." हे तुमचं शास्त्र. प्लॅस्टिक शेवटी आपोआप फाटलं म्हणून गेलं.

पुढचे स्पीकर तर असे खरखरायचे की गाणारी बाई घसा बसलेल्या अवस्थेत माईकसमोर उभी केलीय असं वाटायचं. मी म्हणायचे, तात्या, बदलू. "कंपनी फिटिंग हाय. हात लावायचा न्हाई." बरं, मागच्या दारातले? त्यातनं तर आवाजच येत नाही. "ते गेलेत." मग ते तरी बदलू. "गेलेत म्हंजे गेलेत. मागं बसनाऱ्याला काय करायचंय गानं?"

मागं बसणारी आई होती, तात्या.

पुढची सीट कायम नानांना. नाना नसले तर पाहुण्याला. पाहुणा नसला तर फेट्याच्या डब्याला. आई मधल्या सीटवर, खिडकीशी, पदर डोळ्यांवर ओढून. "तिला गाडी लागती," असं तुम्ही गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. "डोळं मिटून बसू द्या. बोलू नका तिच्याशी."

मी यावर कथा लिहिली होती. तुम्हाला सांगितली नव्हती. मुक्या स्पीकरांच्या मध्ये बसलेली बाई, पुढे पुरुषांसाठी गाणं वाजतंय आणि मागे तिच्यापर्यंत सूरही पोहोचत नाही, असं सगळं. परिच्छेद नाहीत, स्वल्पविराम नाहीत, लई प्रयोग केले होते. एका दिवाळी अंकात छापून आली. लोकांनी फोन करून सांगितलं, काय जळजळीत लिहिलंयस. आता ती कथा चुकीची निघाली! त्याचाही राग आहे, आत्ताच सांगून ठेवते.

तर, तुम्ही गेलात. झटका आला आणि आम्ही गाडीची चावी शोधेपर्यंत गेलात. त्याबद्दल आज भांडत नाही.

तुमच्या मागं घरात दुखवटा. वर्ष होईपर्यंत आईनं कुणाच्या लग्नाला जायचं नाही, साखरपुड्याला नाही, बारशाला नाही. गाडी शेडमध्ये उभी, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. आणि आई वाळत चालली. पहाटे उठायची, शेण काढायची, धारा काढायची, किटल्या डेअरीला लावायची, मग स्वयंपाक, मग चारा, मग परत संध्याकाळच्या धारा. हे तर आधीपासून होतंच. पण आता तिचे डोळे खोल गेले. बोलता बोलता थांबायची. एके दिवशी गव्हाणीपाशी चक्कर येऊन पडली. आम्ही पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "दूध किती सांडलं?"

नेवाशाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, दुसरं काही नाही, बाईंना झोप नाही. असंच चाललं तर पुढच्या वेळी कुठे पडतील सांगता येत नाही.

नाना म्हणाले, "नवरा गेलाय. झोप कशी लागंल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. किती सोपं कारण, नाही का? तुमच्यावर ढकललं की झालं.

मी ठरवलं, आईला चार दिवस माहेरी न्यायचं, भंडारदऱ्याला मामाकडे. जाताना गाणी लावायची, तिच्या आवडीची, तिच्या कानाशी. म्हणजे आधी मागचे स्पीकर बदलायचे. तुम्ही नाही बदललेत, मी बदलीन! नानांना कळलं तर ते ओट्यावरच उभे राहिले.

"ए पोरी, वरीस व्हायचंय अजून. बापाच्या मागं पोरगी गाडीत गानी वाजवती, लोक काय म्हनतील?"

"नाना, तुमच्या मोबाईलवर दिवसभर रील वाजतात. त्याला दुखवटा नाही का?"

"ते मी आवाज बारीक करून बघतो!"

मी चावी उचलली.

नगरला गेले. ॲक्सेसरीजच्या दुकानातल्या फिटरनं दाराचं पॅड काढलं. पुढच्या दोन्ही स्पीकरचा कागद पार फाटलेला, धूळ खाऊन पापडासारखा झालेला. मग त्यानं मागची दारं उघडली. आणि तात्या, मागचे दोन्ही स्पीकर कोरे! कालच शोरूममधून निघाल्यासारखे. त्यानं वायर जोडून वाजवून दाखवले. खणखणीत.

मी म्हटलं, "गेलेत ते."

"कोन म्हनलं?"

"वडील."

"वडिलांना इचारा एकदा."

"वारले ते."

 तो मान खाली घालून पाना पुसत राहिला आणि म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या, ताई. माझंच चुकत आसंल."

मग त्यानं टेपमध्ये बघितलं. आवाज पुढे किती, मागे किती, याची जी सेटिंग असते, ती कुणीतरी पूर्ण पुढं सरकवून ठेवलेली. मागं शून्य. "ह्ये आपोआप व्हत न्हाई," तो हळूच म्हणाला. "कुनीतरी केलेलं हाय."

कुणीतरी! टेपला तुमच्याशिवाय कुणाला हात लावायची परवानगी होती?

 म्हणजे स्पीकर गेले नव्हते, तुम्ही बंद केले होते. बायको मागं बसते, तिला कशाला गाणं! एवढी कंजुषी? आवाजाची? त्याला कुठं डिझेल लागतं? त्या रागात मी चारही नवीन बसवून घेतले. मागचे जरा जास्तच मोठे.

निघालो. मी आईला म्हटलं, "पुढं बस." ती "हो हो" म्हणाली आणि सवयीनं मधलं दार उघडून खिडकीशी जाऊन बसली. मी गाणी लावली. काय आवाज, तात्या! ऐकायला हवा होता तुम्ही. श्रीरामपूर गेलं, बाभळेश्वर गेलं. मी आरशातून बघतेय, आई ताठ बसलेली, दारावरची मूठ घट्ट धरून, डोळे टक्क उघडे. मला वाटलं, रमली.

लोणीच्या पुढे ती म्हणाली, "शीतले, रागावू नको. त्यो मागचा आवाज बंद कर की. तुजे तात्या करायचे तसा."

मी गाडी बाजूला घेतली. "तात्या काय करायचे?"

"मागचं बंद करायचे न्हाई का. मला झोपाया."

"तुला गाडी लागते ना?"

"मला? ह्या डोंगरातल्या घाटांत वाढले मी, मला काय गाडी लागती!" हसली ती. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "त्यांनी सांगितलं हुतं, तू डोळं मीट, मी बघतो. बाई भर दुपारची झोपली म्हनलं की लोक नावं ठेवत्यात. गाडी लागती म्हनलं की गप बसत्यात. कुनी उठवत न्हाई."

"आणि स्पीकर?"

"नानांना गानं लागायचं मोठ्यानं. मग ह्यांनी मागचं बंद केलं आन् गेलेत म्हनून सांगितलं. येताना मुद्दाम कॅनॉलच्या रस्त्यानं आनायचे. लांबून. म्हनायचे, झोप तेवढी."

मी टेपवर आवाज पूर्ण पुढं सरकवला. आई संगमनेर यायच्या आत झोपली. तोंड उघडं, मान काचेवर. घोरत होती चक्क. मामाच्या घराचा फाटा आला तरी मी वळले नाही, कारण वाटेत गाडी जरा थांबली की ती चाळवते, हे मला एव्हाना कळलं होतं. धरणाच्या कडेकडेनं चालवत राहिले. मामाचे फोन येत होते, "कुठं हाईस गं? भाकरी थंड व्हत्यात." मी उचललेच नाहीत.

आता तुम्हाला वाटत असेल, झालं, पोरीचा राग गेला. बाप किती मायाळू होता ते कळलं, आता रडेल आणि 'प्रिय' लिहील.

अजिबात नाही! राग तर तिथं सुरू झाला.

मला वाटत होतं तुम्हाला दिसत नव्हतं. ज्याला दिसत नाही त्याला माणूस माफ करतो. पण तुम्हाला दिसत होतं! आख्ख्या घरात एकट्या तुम्हाला माहीत होतं की ही बाई झोपेला आसुसलीय. इतकं माहीत होतं की तुम्ही लोकांशी खोटं बोललात, सख्ख्या भावाशी खोटं बोललात, टेपचं बटण फिरवलंत, डिझेल जाळून लांबच्या रस्त्यानं आलात. एवढं सगळं केलंत. मग एक दिवस, फक्त एक दिवस, पहाटे उठून तिच्या हातातली बादली का नाही घेतलीत?

आईची झोप लोकांच्या लग्नपत्रिकांवर! कुणाच्या पोरीचं जमलं, गाडी निघाली, की आईला झोप. लग्न श्रीरामपूरला असलं तर थोडी, नगरच्या पुढं असलं तर बरी. दहावा लांबच्या गावी असला तर लॉटरीच. आम्हाला वाटायचं हिला लग्नांची भारी हौस, कुठल्याही पत्रिकेला नाही म्हणत नाही. आणि दुखवटा लागला, पत्रिका बंद झाल्या, तशी ती गव्हाणीपाशी कोसळली. नाना म्हणतात दुःखानं. तुमच्या दुःखानं नाही पडली ती, तात्या. तुमचं दुःख ती उभ्या उभ्या पेलत होती.

आणि घरी? घरी पलंग होता की. फॅन होता. दाराला कडी होती. घरात का नाही झोपवलंत? गाईंना हात लावला तर पुरुषाला काय झालं असतं? तुम्ही त्या गाई प्रदर्शनात मिरवल्यात, त्यांच्या गळ्यात हार घालून फोटो काढलेत. एकीची तरी धार काढताना मी तुम्हाला पाहिलेलं नाही.

"तू तरी कुठं उठत हुतीस पहाटे?" म्हणा, म्हणा. बोलायला जागा सापडली ना? माझं मी बघते. आज तुमचा नंबर आहे.

तर आता काय ठरलंय ते सांगते. विचारत नाहीये, सांगतेय.

रविवारी व्यापारी येतोय. दोन गाई राहतील, बाकीच्या जातील. आई आधी म्हणाली, "त्यांच्या गाया हाईत." मग चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "चंद्री तेवढी ठिव." चंद्री ठेवतेय. तिच्या सोबतीला एक कालवड. पहाटेच्या धारा मी काढणार, संध्याकाळच्या नाना. नाना म्हणाले, "मी? ह्या वयात?" मी म्हटलं, आई तुमच्याहून फार लहान नाही. ते रागानं पारावर निघून गेलेत. येतील, जेवायला तर यावंच लागेल.

आज पहिलाच दिवस होता. चंद्रीनं लाथ मारली, माझं मनगट सुजलंय, दूध निम्मंच निघालं. लिहिताना अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे, रडतेय म्हणून नाही.

आणि शब्द देते तुम्हाला, तात्या. आई इथून पुढं घरात झोपेल. पलंगावर, भर दिवसा, दार उघडं टाकून. गल्लीतल्या बायका येतील, डोकावतील, विचारतील, "काय झालं गं आईला, बरं न्हाई का?" मी गाडी लागते म्हणणार नाही, ताप म्हणणार नाही. तिला काही झालेलं नाही, झोपलीये, असं सांगेन. मोठ्यानं. पारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

डेअरीची गाडी आलीये, हॉर्न देतोय तो, आई उठेल त्यानं. पळते. तुम्हाला काही बोलायचं असेल तर राहू द्या.

शीतल